समूहसंगीताचे गुण विद्यार्थ्यांच्या हाती देताना: सहाध्यायी मूल्यमापनाची पहिली पावले

चार-सहा विद्यार्थ्यांचा गट सत्रभर तालमी करतो, शेवटी पंधरा मिनिटे सादरीकरण करतो आणि शिक्षक त्या पंधरा मिनिटांवरून सगळ्यांना गुण देतात. तालमीला वेळेवर कोण येत होते, अडलेला तुकडा कोणी चिकाटीने बसवून घेतला, दुसऱ्याला सूर सापडावा म्हणून कोणी स्वतःचा आवाज खाली घेतला, हे शिक्षकांना दिसलेले नसते. गटाला मात्र ते सगळे ठाऊक असते. म्हणून अनेक विद्यापीठांत गुणांचा काही भाग विद्यार्थ्यांनी एकमेकांना द्यायचा, अशी पद्धत वापरतात. ती पहिल्यांदाच राबवणाऱ्या शिक्षकांसाठी हा लेख आहे. विद्यार्थ्यांनीही तो जरूर वाचावा, कारण अर्धे काम त्यांचेच आहे.

समूहसंगीतातले सर्वांत मोलाचे काम बहुतेक वेळा वेगळे ऐकू येत नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घ्या. लय धरून ठेवणारा, योग्य जागी गप्प राहणारा, चुकलेल्याला सावरून घेणारा वादक श्रोत्यांच्या डोळ्यांत भरत नाही. त्याचे काम टिपण्याची सोय तुमच्या पद्धतीत नसेल, तर उठून दिसणाऱ्यालाच गुण मिळतात आणि पुढच्या सत्रात प्रत्येक जण उठून दिसण्यासाठी वाजवू लागतो. प्रत्येक पायरीवर याची आठवण ठेवा.

पायरी १: दोन मूल्यमापने वेगळी ठेवा

‘सहाध्यायी मूल्यमापन’ या एका नावाखाली दोन निराळी कामे येतात. एका गटाने दुसऱ्या गटाचे सादरीकरण ऐकून मत देणे हे पहिले. गटातल्या सदस्यांनी एकमेकांच्या सहभागाबद्दल मत देणे हे दुसरे. पहिल्यात संगीत तोलायचे असते आणि त्यासाठी कान लागतात. दुसऱ्यात सत्रभरातली वागणूक आणि मेहनत तोलायची असते, त्यासाठी आठवण आणि प्रामाणिकपणा लागतो. दोन्ही एकाच फॉर्मवर घेतली की वाजवण्यात कच्चा पण जीव तोडून मेहनत करणारा विद्यार्थी एका बाजूला, आणि हात तयार असलेला पण तालमी बुडवणारा दुसऱ्या बाजूला, अशी गल्लत होते. दोघांवरही अन्याय होतो.

त्यामुळे दोन फॉर्म करा आणि ते दोन वेगळ्या दिवशी भरून घ्या. एकूण गुणांतला किती वाटा विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचा, हे सत्राच्या पहिल्याच आठवड्यात लेखी जाहीर करा. पहिल्या वर्षी हा वाटा लहान ठेवावा, असे माझे मत आहे. विद्यापीठाच्या परीक्षा नियमांत किती मुभा आहे, तेही आधीच विचारून घ्या.

पायरी २: निकष विद्यार्थ्यांसोबत बसून लिहा

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्या. तयार रुब्रिक (निकष आणि त्यांच्या पातळ्यांचा तक्ता) वर्गात वाटून काम भागवण्याचा मोह होतो, पण दुसऱ्याने लिहिलेले निकष विद्यार्थी वाचतात आणि बाजूला ठेवतात. नॅन्सी फाल्चिकोव्ह आणि ज्युडी गोल्डफिंच यांनी २००० साली उच्च शिक्षणातल्या ४८ संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला होता. विद्यार्थ्यांना निकष नीट समजलेले आणि आपले वाटत असतील, तर त्यांचे गुण शिक्षकांच्या गुणांशी जास्त जुळतात, असे त्यात दिसले. सुटी सुटी अंगे वेगवेगळी मोजण्यापेक्षा स्पष्ट निकष समोर ठेवून एकच समग्र गुण दिला, तर मेळ अधिक चांगला बसतो, हेही त्याच आढाव्यात आढळले. पंधरा रकान्यांचा तक्ता करण्याआधी हे आठवावे.

सुरुवात ऐकण्यापासून करा. एकच रचना दोन वेगळ्या गटांनी सादर केलेली ध्वनिमुद्रणे निवडा. ती ऐकवून दोनच प्रश्न विचारा: कोणते बरे, आणि कशावरून? एका सादरीकरणाला दहापैकी किती, हे सांगणे अवघड जाते. दोन्हींत सरस कोणते, हे सांगणे बरेच सोपे असते, म्हणून तुलनेने सुरुवात करायची.

उत्तरे आधी धूसरच येतील. ‘छान वाटले’, ‘एनर्जी होती’, ‘फील आला’. त्यांना हसू नका आणि खोडूही नका. तो फील कुठल्या क्षणी आला, एवढेच विचारा आणि तो भाग पुन्हा वाजवा. मग कोणी सांगेल की शेवटच्या स्वरावर सगळे एकदम थांबले. कोणी सांगेल की गायिकेने श्वासाला जरा जास्त वेळ घेतला, तेव्हा तालवाद्य वाजवणारा तिच्यासाठी थांबला. ही वाक्ये फळ्यावर जशीच्या तशी लिहून घ्या, कारण निकष यांतूनच तयार होणार आहेत.

गोळा झालेल्या वाक्यांचे चार-पाच गट पाडा. बहुतेक वेळा लय, सूर, आवाजाचा समतोल, एकमेकांना दिलेला प्रतिसाद आणि रचनेची समज असे गट पडतात. मग प्रत्येक निकषाखाली ‘उत्तम’, ‘ठीक’ आणि ‘कच्चे’ म्हणजे नेमके काय ऐकू येते, ते लिहा. ‘लय चांगली’ या वर्णनाचा कोणालाच उपयोग होत नाही. ‘लय हलली तरी गट दोन-चार मात्रांत पुन्हा एकत्र येतो’ हे उत्तम. ‘लय हलते आणि तो तुकडा संपेपर्यंत सावरत नाही’ हे कच्चे. या वर्णनात चूक होण्याला शिक्षा नाही, हे पाहा. गट एकमेकांना किती ऐकतो हे खरे तर चूक झाल्यावरच कळते, त्यामुळे चुकीनंतरचे सावरणे निकषात आलेच पाहिजे.

‘जागा देणे’ हा निकष विद्यार्थी आपणहून क्वचितच सुचवतात, पण तो तुम्ही सुचवा. दुसऱ्याचा भाग पुढे यायला हवा तेव्हा हा वादक आपले वाजवणे कमी करतो का? सोळा मात्रा काहीच वाजवायचे नसेल तर तेवढा वेळ लक्ष देऊन थांबतो, की मधेच सूर छेडत बसतो? साथीचा आकृतिबंध साधा ठेवण्याचा संयम त्याच्याकडे आहे का? वर म्हटलेले न ऐकू येणारे काम पकडायला हाच निकष उपयोगी पडतो. तो कागदावर आला की बेस वाजवणारे, दुसऱ्या आवाजात गाणारे, संथ ठेका धरणारे विद्यार्थी पहिल्यांदाच ताठ बसतात.

संगीताच्या प्रकाराप्रमाणे शब्द बदलावे लागतात. समूहगायनात सगळ्यांचे अ, आ, ई असे स्वर एकसारखे उघडणे आणि शब्दांची शेवटची अक्षरे एकदम संपणे महत्त्वाचे असते. जॅझच्या गटात तेच निकष लावले, तर पुढे-मागे खेळवलेली लय चूक ठरेल. मुक्त उत्स्फूर्त वादनात सूर जुळण्यापेक्षा कल्पना उचलून पुढे नेणे मोठे ठरते. लॅपटॉपवर संगीत करणाऱ्या गटात कोणता आवाज कोणाचा हेच श्रोत्याला कळत नाही, म्हणून तिथे कोणी काय वाजवले याचे एक टिपण गटाने स्वतःच द्यावे. सगळ्या गटांना एकच रुब्रिक लावण्याचा हट्ट सोडा. एका वर्गात तीन प्रकारचे गट असतील, तर दोन निकष समान ठेवा आणि उरलेले गटागटाने ठरवू द्या.

पायरी ३: कान जुळवून घ्या

निकष लिहून झाले म्हणजे सगळ्यांना सारखे ऐकू येऊ लागले, असे होत नाही. खऱ्या सादरीकरणाआधी किमान एक तास सरावाचा ठेवा. मागच्या वर्षांच्या विद्यार्थ्यांची, त्यांच्या लेखी परवानगीने ठेवलेली तीन ध्वनिमुद्रणे घ्या: एक चांगले, एक मध्यम, एक अडखळणारे. नावे सांगू नका. प्रत्येकाने गुपचूप गुण लिहावेत, मग सगळे आकडे फळ्यावर यावेत.

सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी गुण देणाऱ्यांना आधी बोलू द्या. एकाने सूर धरून ऐकलेले असते, दुसऱ्याने लय. दोघांचेही बरोबर असते, फक्त दोघेही अर्धेच ऐकत असतात. तुमचा आकडा मात्र शेवटी सांगा. तो आधी सांगितलात तर बाकीचे आकडे मुकाट्याने त्याच्याकडे सरकतील. दुसऱ्या-तिसऱ्या ध्वनिमुद्रणापर्यंत आकड्यांतले अंतर कमी झालेले दिसले पाहिजे. तसे झाले नाही, तर निकषांतले एखादे वाक्य दोन अर्थांनी वाचले जाते आहे, असे समजा आणि तिथल्या तिथे ते दुरुस्त करा.

रॉइस सॅडलर यांनी १९८९ साली मांडले होते की, सुधारणा व्हायची तर शिकणाऱ्याला तीन गोष्टी जमल्या पाहिजेत: दर्जा कशाला म्हणतात हे कळणे, आपले काम त्या दर्जाशी ताडून पाहणे, आणि मधले अंतर कमी करण्यासाठी काहीतरी करणे. पहिल्या दोन गोष्टी या तासात होतात. गुणांची सगळी यंत्रणा बाजूला ठेवली, तरी हा एक तास फुकट जात नाही.

पायरी ४: सादरीकरणाचा दिवस

डोळे कानांना फसवतात. चिया-जुंग त्साय यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना संगीत स्पर्धांच्या अंतिम फेरीतल्या छोट्या फिती दाखवल्या आणि विजेता ओळखायला सांगितले. नुसता आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा मूक चित्रफीत पाहणाऱ्यांचे उत्तर जास्त वेळा बरोबर आले, आणि व्यावसायिक संगीतकारही याला अपवाद नव्हते. याचा अर्थ बक्षीस ठरवताना हावभाव आणि रंगमंचावरचा वावर आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त काम करतात. तुमच्या अभ्यासक्रमात रंगमंचीय सादरीकरण हा मुद्दा असेल, तर त्याचा वेगळा निकष ठेवा. बाकीचे निकष शक्य असेल तर नंतर ध्वनिमुद्रण ऐकून भरू द्या.

क्रमाचाही परिणाम होतो. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेच्या निकालांचा अभ्यास रेनातो फ्लोरेस आणि व्हिक्टर गिन्सबर्ग यांनी १९९६ साली प्रसिद्ध केला. वादनाचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरत असूनही उशिरा वाजवणाऱ्यांचे क्रमांक सरासरीने वर लागत होते. वर्गात यावर साधा उपाय आहे: पहिल्या गटाचे गुण लगेच लिहायचे नाहीत. फक्त नोंदी करायच्या आणि तीन गट ऐकून झाल्यावर आकडे भरायचे. ध्वनिमुद्रणे नंतर ऐकणार असाल, तर प्रत्येकाला वेगळा क्रम द्या.

ध्वनिमुद्रणाबाबत एक सावधगिरी. मोबाइलवर रेकॉर्डिंग करताना बऱ्याचदा आवाजाची पातळी आपोआप सारखी केली जाते. हळू भाग मोठा होतो, मोठा भाग दबतो, आणि गटाने मेहनतीने साधलेला चढउतार पुसला जातो. असे ध्वनिमुद्रण ऐकून ‘आवाजात चढउतार नाही’ असा शेरा देणे चुकीचे ठरेल. पातळी हाताने ठरवता येईल असे उपकरण किंवा ॲप वापरा आणि ते श्रोत्यांच्या जागी, गटासमोर मधोमध ठेवा. ड्रमच्या शेजारी ठेवलेल्या मोबाइलवरून समतोलाचे गुण देऊ नका.

पायरी ५: शेरा कसा लिहायचा

आकड्यापेक्षा शेरा जास्त दिवस उपयोगी पडतो. विद्यार्थ्यांना त्याचा साचा द्या: कुठे, काय ऐकू आले, काय करून पाहता येईल. ‘लय थोडी सुधारा’ हा शेरा नाही. ‘दुसऱ्या कडव्यानंतर वाद्ये एकटी वाजतात तिथे लय वाढली, गायन परत आल्यावर ती खेचून मागे आणावी लागली, तो भाग मेट्रोनोमवर संथ लयीत बसवून पाहा’, हा शेरा. कौतुकालाही हाच नियम लावा. ‘मस्त’ असे लिहिले असेल तर कागद परत द्या आणि काय मस्त होते ते विचारा.

शेरा योग्य वेळी मिळणेही तितकेच महत्त्वाचे आहे. अंतिम सादरीकरणानंतर आलेला उत्तम शेरा त्या रचनेच्या काही कामाचा राहत नाही. म्हणून सत्राच्या मध्यावर एक कच्चे सादरीकरण ठेवा, त्याला गुण नकोत, फक्त शेरे हवेत. अंतिम सादरीकरणाच्या वेळी गटाने एका परिच्छेदात लिहावे की, आलेल्या शेऱ्यांपैकी कोणते घेतले, कोणते सोडले आणि का. विचारपूर्वक सोडलेल्या सूचनेचाही मान ठेवा.

पायरी ६: गटाच्या आतले मूल्यमापन

इथे संगीतापेक्षा माणसे जास्त दुखावतात, तेव्हा सावकाश जा. माक्स रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याचे दोर ओढण्याचे प्रयोग १९१३ साली प्रसिद्ध झाले. माणसे वाढत गेली तसे दर माणशी लागणारे बळ कमी होत गेले. कोणी अंग चोरते, तर कधी जोर एकाच वेळी लागत नाही म्हणून शक्ती वाया जाते. गटवादनात या दोन्ही गोष्टी घडतात आणि बाहेरून त्या सारख्याच दिसतात. म्हणून ‘काम केले नाही’ असा शिक्का मारण्याआधी त्या विद्यार्थ्याला करण्याजोगे काम दिले होते का, हे गटाला विचारा.

पहिल्या आठवड्यापासून प्रत्येक गटाने तालमीची वही ठेवावी. तारीख, कोण हजर, काय बसवले, पुढच्या वेळी कोणी काय करून आणायचे, एवढ्या चार ओळी पुरेत. सत्राच्या शेवटी आठवणीवर विसंबले, तर शेवटचे दोन आठवडेच आठवतात आणि सुरुवातीला रचना उभी करणारा विसरला जातो.

प्रश्न वर्तनाबद्दल विचारा, स्वभावाबद्दल नाही. ‘तयारी करून आला का’, ‘दुसऱ्याची सूचना करून पाहिली का’, ‘अडचण आली तेव्हा गटाला वेळेत कळवले का’ हे प्रश्न चालतील. ‘उत्साही होता का’ हा चालणार नाही, कारण मितभाषी विद्यार्थी त्यात हकनाक मार खातो. नेतृत्वाचा प्रश्न ठेवणार असाल, तर त्याला थोडा वेगळा आकार द्या. न्यू यॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून वाद्यवृंद-संचालकाशिवाय (कंडक्टरशिवाय) वाजवतो आणि तिथे नेतृत्व रचनेगणिक बदलते. तुमच्या फॉर्मवरही ‘गरज पडली तेव्हा पुढे आला का, आणि दुसऱ्याची वेळ आली तेव्हा मागे झाला का’, असे दोन्ही विचारा.

आकडे फक्त शिक्षकांना दिसावेत. शेरे मात्र विद्यार्थ्यापर्यंत पोचावेत, पण तुम्ही वाचल्यानंतर आणि लिहिणाऱ्याच्या नावाशिवाय. चार जणांच्या गटात नाव झाकले तरी लिहिणारा ओळखू येतोच, म्हणून ‘समोरासमोर म्हणू शकाल तेच लिहा’ हे फॉर्मच्या डोक्यावर छापा. सत्राच्या मध्यावर हाच फॉर्म गुणांशिवाय एकदा भरून घ्या. आपल्याबद्दल काय वाटते हे सहाव्या आठवड्यात कळले तर माणूस बदलू शकतो. बाराव्या आठवड्यात कळले तर फक्त चिडतो.

पायरी ७: आकडेमोड

प्रत्येक सदस्याने १०० गुण बाकीच्यांमध्ये वाटायचे, स्वतःला काहीच द्यायचे नाही. समजा गटात क, ख, ग, घ असे चौघे आहेत. क आणि ख या दोघांनीही गला ४०, घला २५ आणि एकमेकांना ३५ दिले. गने क आणि खला प्रत्येकी ३५ आणि घला ३० दिले. घने क आणि खला ३३-३३ व गला ३४ दिले. बेरीज केली तर कचे १०३, खचे १०३, गचे ११४ आणि घचे ८०. प्रत्येक बेरजेला १०० ने भागले की गुणक मिळतो.

सादरीकरणाला गटाचे ७० गुण असतील आणि सरळ गुणाकार केला, तर गला जवळजवळ ८० आणि घला ५६ मिळतील. मला हा फरक फार मोठा वाटतो. त्यापेक्षा ७० चे दोन भाग करा: ३५ सगळ्यांना सारखे, आणि उरलेल्या ३५ ला गुणक लावा. आता क आणि खला ७१, गला ७५ आणि घला ६३ मिळतात. फरक दिसतो, पण कोणी कोसळत नाही.

ही रीत तिघांच्या गटात वापरू नका. तिथे प्रत्येक जण फक्त दोघांमध्ये वाटणी करतो, त्यामुळे एकाची मर्जी दुसऱ्याचे थेट नुकसान करते. चौघांच्या गटात एखाद्याने फॉर्म भरलाच नाही, तर बाकीच्यांना मिळालेल्या वाट्यांची सरासरी काढा आणि तिला ३ ने गुणा. म्हणजे त्याच्या आळसाची किंमत इतरांना मोजावी लागणार नाही. एक्सेलमध्ये हे सगळे सहज होते. वर्ग मोठा असेल तर लफबरा विद्यापीठात तयार झालेली वेबपीए ही प्रणाली याच धर्तीवर चालते.

अडचणी येतील त्या

सगळ्यांनी सगळ्यांना सारखेच गुण दिले, ही सगळ्यांत नेहमीची अडचण. कधी ते खरेच असते. तालमीच्या वहीतही सारखाच सहभाग दिसत असेल, तर तसेच राहू द्या. दिसत नसेल, तर प्रत्येक आकड्यामागे एका प्रसंगाची ओळ मागा. मैत्रीमुळे फुगलेले किंवा भांडणामुळे पाडलेले आकडेही याच ओळीमुळे उघडे पडतात, कारण कारण सांगता येत नाही. एकाचाच आकडा बाकीच्यांपासून फार दूर असेल, तर परस्पर काढून टाकू नका. आधी त्याच्याशी बोला. कधी कधी तो एकटाच खरे सांगत असतो.

आजारपण, घरची अडचण, एखादे अपंगत्व या गोष्टी गटाला माहीत नसतात आणि सांगायची सक्तीही करता येत नाही. अशा वेळी शिक्षकाने गुणक बाजूला ठेवण्याचा अधिकार राखून ठेवावा आणि तसे पहिल्या आठवड्यातल्या कागदावर लिहावे. हरकत कुठे आणि किती दिवसांत नोंदवायची, हेही त्याच कागदावर हवे. शेवटचा गुण शिक्षकाच्या सहीनेच जातो, जबाबदारी त्याचीच राहते.

निकाल लागल्यावर एक काम उरते. फॉर्मचे आकडे निकषांप्रमाणे मांडून पाहा. ज्या निकषावर जवळजवळ प्रत्येक गटाला तोच आकडा मिळाला, तो एक तर सगळ्यांना जमतो किंवा कोणालाच ऐकू येत नाही. तो काढा किंवा त्याचे वर्णन बदला. आणि ज्या गटांची तयारी असेल, त्यांच्याकडून ध्वनिमुद्रण पुढच्या तुकडीच्या सरावासाठी वापरण्याची लेखी परवानगी त्याच आठवड्यात घ्या, कारण सुट्टी लागली की विद्यार्थी भेटत नाहीत.